तसबिरीतल्या बाईंची पैठणी

माझं लग्न ठरलं, तेव्हा आमच्या नाशिकच्या घरी पेशवाईत रंगवलेली एका पूर्वज बाईंची तसबीर होती. अंगावर पैठणी, खांद्यावर शेला, नाकात टपोरी नथ. आईला माझ्यासाठी अगदी तशीच तपकिरी पैठणी हवी होती, म्हणून तिनं येवल्याहून एका वयस्कर विणकरांना बोलावलं.

ते बराच वेळ तसबिरीसमोर उभे राहिले. मग म्हणाले, "वहिनी, जरा कापूस द्या."

त्यांनी पदराचा कोपरा हळूच पुसला. समईची काजळी निघाली आणि खालून हिरवा रंग दिसला.

"अगं बाई! मी तर हिला रोज बघते," आई म्हणाली.

माझी पैठणी हिरवीच विणली गेली. उरलेली तसबीर आईनं चार दिवस खपून स्वतः पुसली. आम्हांला कुणाला हात लावू दिला नाही.