ओळ सांगणारी

आमच्या दिघ्याच्या ख्रिस्ती मंडळीत एक मावशी आहेत. त्यांनी गीत उचललं की उरणच्या होड्या माघारी वळतात, हे मी शपथेवर सांगतो. उपासनेत शपथ घेता येत नाही, म्हणून इथे घेतली.

आठवडाभर कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायच्या आणि रविवारी ओळ सांगायची, हे त्यांचं काम. गीताची प्रत्येक ओळ त्या आधी मोठ्यानं म्हणतात, मग मंडळी गाते. मागच्या बाकावरच्या बायकांना वाचता येत नाही. त्या ऐकून गातात. घरी बोलतानाही मावशी वाक्य टाकून थांबतात, जणू आपण ते परत म्हणायचंय.

यंदा देवळात प्रोजेक्टरचा पडदा आला, त्यावर गीताचे शब्द आले. नवे पाळक म्हणाले, "मावशी, आता ओळ नका सांगू. आरामात बसा."

त्या रविवारी मागचा बाक मुका राहिला.

पुढच्या रविवारी पहिलंच गीत सुरू झालं आणि मावशी उठून थेट पडद्यासमोर उभ्या राहिल्या. सगळं गीत त्यांच्या पांढऱ्या साडीवर उमटलं.

"मावशी, शब्द दिसत नाहीयेत ओ!" पुढची पोरं ओरडली.

"त्यांना तर कधीच दिसत नाहीत," मावशींनी मागच्या बाकाकडे हात केला. "ऐका आणि गा."

त्यांनी ओळ सांगितली. मागचा बाक असा गर्जला की छताचे पंखे उलटे फिरले. पाळकांनी हरल्यासारखी खूण केली, पडदा बंद करा.

"असू द्या चालू," मावशी म्हणाल्या. "ज्यांना ऐकू येत नाही, ते वाचतील."