काकूचा रेडिओ

नांदेडच्या आमच्या घरात पुस्तकांच्या कपाटावर एक जुना ट्रान्झिस्टर आहे. तपकिरी चामड्याचं कव्हर, पुढच्या बाजूला बारीक भोकं, खांद्याला अडकवायचा पट्टा. काटा मधोमध अडकलेला आहे. तो चालत नाही. घरी येणाऱ्या कुणी चौकशी केली, की आई सांगते, "तो काकूचा रेडिओ."

तो काकूचा नव्हता. आमचा होता. वडिलांनी तो लातूरला गंजगोलाईत घेतला आणि एसटीत मांडीवर ठेवून रेणापूरच्या पलीकडे आमच्या गावी आणला. वडील तिथल्या शाळेत शिक्षक होते. आमच्या गल्लीत त्याआधी कुणाकडे रेडिओ नव्हता. आल्या आल्या आईने त्याला हळदकुंकू लावलं. कव्हरच्या आतल्या बाजूला तो पिवळा डाग अजून आहे.

काकू आमची कुणी नव्हती. ती शेजारीण. दोन्ही अंगणांच्या मध्ये छातीएवढी भिंत आणि भिंतीला एक फट, जिच्यातून मांजरं आणि मी ये-जा करायचो. तिच्या घरी शेती होती, दोन म्हशी होत्या आणि दिवसभर माणसं असायची. आमच्या घरी माणसं नसायची. आईचं माहेर नायगावकडचं. या गावात तिचं कुणी नव्हतं. वडील घरातही वर्गात असल्यासारखेच बोलायचे, म्हणजे थोडं आणि शेवटचं. आई कामापुरतं बोलायची. ती तशीच आहे, असं मला वाटायचं. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन.

रेडिओ आमच्या घरात नीट लागला नाही. घरावर नवे पत्रे होते, त्यांचा आम्हाला अभिमान होता. पत्र्याखाली कोनाड्यात ठेवलेला रेडिओ नुसता खरखरायचा. अंगणात आणला की लांबून कुणीतरी विहिरीत उतरून बोलतंय, असं वाटायचं. वडिलांनी तो सगळ्या दिशांना फिरवून पाहिला. सेल काढून उन्हात ठेवून पाहिले. मग "वातावरण" असं म्हणून ते शाळेत गेले.

दुपारी काकूच्या सासूला दाखवायला म्हणून आई रेडिओ घेऊन तिकडे गेली. मीही गेले. काकूच्या अंगणात कडुलिंबापासून गोठ्याच्या खांबापर्यंत कपडे वाळत घालायची लोखंडी तार होती. आईच्या हातात भाजी होती, म्हणून तिने रेडिओ पट्ट्याने त्या तारेला अडकवला. आणि तो बोलायला लागला. परभणी केंद्रावरून कुणी बाई शेजारी बसल्यासारखी स्वच्छ सांगत होती, की कणीक मळताना त्यात दोन चमचे लोणी घालावं.

मग काकू म्हणाली, "बघा वैनी. तुमच्या घरी मुका, आमच्या घरी बोलका. जावई हाय ह्यो. ह्याचं सासर हितंच."

"मग मानपान करावा लागंल की," तिची सासू खाटेवरून म्हणाली.

"करू की. आधी लोणी कुठनं आणू ते सांगा. ही बया म्हणून राहिली दोन चमचे घाला. म्हशीला इचारलंस का गं बाई?"

यावर आई हसली. आधी पदर तोंडाशी धरून, मग पदर सोडून. तिला ठसका लागला. काकूने तिच्या पाठीवर थापटलं. आई असं हसते, हे मला माहीत नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले आणि मला पहिल्यांदा काकू आवडेनाशी झाली.

तेव्हापासून माझी सकाळची शाळा सुटून जेवणं उरकली, की आई सुपात निवडायचं काही घ्यायची आणि आम्ही काकूकडे जायचो. रेडिओ माझ्या खांद्यावर. आता आई सोबत असल्यामुळे फटीतून नाही, गल्लीतून जायचं. गल्लीतल्या बायकाही आपापली कामं घेऊन यायच्या. दारातून विचारायच्या, "जावई आले का?" तारेवर एकीकडे धोतरं, एकीकडे परकर आणि मधे आमचा रेडिओ. बाई पाककृती सांगायची, डॉक्टर बाळाला कसं न्हाऊ घालावं ते सांगायचे, आणि प्रत्येक वाक्याला काकूचं काहीतरी उत्तर असायचं. बायका रेडिओ ऐकायला येत नसत, काकूची उत्तरं ऐकायला येत. आई तिच्याजवळ, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, बसायची. मी आईच्या दुसऱ्या बाजूला. त्या बाजूला आई फारशी वळायची नाही.

एकदा वाटेत पिठाच्या गिरणीवाल्याने हटकलं, "काकूचा रेडू निघाला का गं?"

"आमचा आहे," मी म्हटलं.

"हाव, हाव, तुमचाच हाय. पण बोलतो काकूशीच ना?"

हे मी घरी सांगितलं. वडील म्हणाले, "पावती आपल्याकडे आहे." आई म्हणाली, "म्हणू दे की. त्यांच्या म्हणण्यानं काय झिजतंय का?" मला पावतीचं समाधान पुरलं नाही. आईला काहीच वाटत नाही, हे तर त्याहून वाईट होतं.

तारेचं कोडं वाकळीने उलगडलं. काकूने जुन्या लुगड्यांची जाड वाकळ धुऊन ओलीच तारेवर टाकली आणि तार तुटली. त्या दुपारी रेडिओ खाटेवर ठेवला. तो खरखरायला लागला, अगदी आमच्या घरात खरखरायचा तसाच. बायकांनी त्याला उलटं केलं, थोपटलं. "जावई रुसले," असं म्हणून त्या गप्पांना लागल्या. मी मात्र तुटलेल्या तारेकडे पाहत होते. काकूच्या घरात काही विशेष नव्हतं. विशेष होतं ते तारेत. आणि तार बाजारात मिळत होती.

मी वडिलांच्या मागे लागले. त्यांनाही ते पटलं. त्यांना इतकं खूश मी कमी वेळा पाहिलं आहे. त्यांनी रेणापूरहून लोखंडी तारेचं वेटोळं आणलं आणि रविवारी आमच्या अंगणात शेवग्यापासून मोरीच्या खांबापर्यंत तार ताणून बांधली. मी रेडिओ अडकवला. आवाज काकूकडच्यापेक्षा खणखणीत आला. आमच्या घरी कुणी गाणं ऐकावं, असं पहिल्यांदाच झालं.

सोमवारी मी पोट दुखतंय म्हणून शाळेत गेले नाही. तारेखाली सतरंजी टाकली. माठ भरून ठेवला. गल्लीत जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की रेडिओ आता आमच्याकडेच लागतो. "बरं झालं बाई," बायका म्हणाल्या. आल्या मात्र नाहीत. मला बायका नकोच होत्या. आई येऊन बसली, सुपात तूर घेऊन. माझ्या बाजूला वळून. रेडिओवरची बाई बोलायला लागली. म्हणाली, पाहुणे अचानक आले तर गृहिणीने गोंधळून न जाता फुलदाणीत ताजी फुलं ठेवावीत.

आईने तूर निवडायची थांबवली. तिने भिंतीकडे पाहिलं. तिथून काही आलं नाही. काकूने ते वाक्य ऐकलंच नसणार. मग मी म्हटलं, "फुलदाणी म्हशीला इचार." काकूच्याच आवाजात म्हटलं. आई माझ्याकडे पाहून हसली. ते हसणं मला चांगलं ओळखीचं होतं. मी पाटीवर चित्र काढून दाखवलं, की ती तसं हसायची.

थोड्या वेळाने पलीकडे हशा झाला. त्यांच्याकडे तार नव्हती, रेडिओ नव्हता, तरी झाला. आई उठली. सूप काखेत घेतलं.

"तू ऐक. मी जरा जाऊन येते."

"रेडिओ आणू?"

"कशाला? चांगला लागलाय की. ऐक तू."

ती फटीतून गेली. मोठं माणूस त्या फटीतून जाऊ शकतं, हे मी तेव्हा पाहिलं. पलीकडून काकूचा आवाज आला, "या वैनी, या! म्हटलं, जावयानं अडकवून ठिवलं का काय?" आणि आईचं हसणं, ठसक्यासकट. मी सतरंजीवर बसून रेडिओचा कान शेवटपर्यंत पिळला. निवेदक पेरणीबद्दल सांगत होता. त्याचा एकेक शब्द स्पष्ट होता.

भिंतीवर काकूचं डोकं आलं. "पोरी, आवाज बारीक कर गं. आम्हाला एकमेकींचं ऐकाय येईना."

मी आवाज बारीक केला.

पुढे वडिलांची बदली झाली, गाव सुटलं. रेडिओ आमच्याबरोबर आला. वर्तमानपत्रातली नोकरी करताना मी बरीच वर्षं तो टेबलावर ठेवला होता. वडील आता नाहीत. आई माझ्याकडे असते. काकू लातूरला मुलाकडे असते. दोघींचीही ऐंशी उलटली आहे. मी आईला सगळं विचारते: औषध घेतलं का, जेवण बरं झालं का, पंखा हवा का. आई उत्तरं देते.

दुपारी जेवण झालं, की ती मोबाइल घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. रेंज खिडकीपाशी चांगली येते, असं ती सांगते. रेंज घरभर सारखीच आहे. मी तपासली आहे. मी बाहेर टीव्ही बंद करून बसते. बोलणं नीट कळत नाही. हसणं कळतं.