मामांच्या झऱ्यावरचं शेवाळ

"औंदा झरा दिवाळीतच आटाय लागलाय. शेवाळ पार करपलंय," मामा फोनवर म्हणाले आणि मी त्याच रविवारी निघालो. सोबत सलीम, माझा शाळेपासूनचा दोस्त. तो कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो.

आष्टा, पेठ नाका, कराड, पाटण. पाटणपर्यंत रस्ता बरा आहे. कराडला मिसळ खाऊन घ्या (ऐंशी रुपये, तर्री बेतानं मागा), पाटणच्या पुढं चहाही मिळत नाही. घाट अरुंद, शेवटचे दोन किलोमीटर नुसते धोंडे. छोटी गाडी खालीच लावून चालत जा.

डोंगरमाथ्यावरच्या सपाट, खडकाळ सड्यावर मामा-मामींचं एकच घर उरलंय. फौजेतून निवृत्त झाल्यापासून मामा इथंच. घरामागच्या कातळावर शेवाळाची जाड गादी होती. पाऊस, धुकं पिऊन ती मे महिन्यापर्यंत ठिबकायची, तोच झरा, आणि दोघांचं पाणी भागायचं. आता तिथं काळपट लगदा होता. मधूनमधून गवत माजलेलं.

सलीमनं लगदा चिमटीत धरून पाहिला. "मामा, यावर काय टाकलंत?"

"युरिया. दर आयतवारी मूठभर, पाण्यात कालवून. भाच्यानंच सांगितलं व्हतं."

खरं होतं. गेल्या वर्षी त्यांनी शेवाळ पिवळं पडल्याचं सांगितलं, तेव्हा मी उसाला पाणी पाजत होतो. पिवळं पान म्हटलं की आम्हा ऊसवाल्यांना दुसरं काही सुचतच नाही. एका वाक्यात सल्ला देऊन मी फोन ठेवला होता.

"याला मुळं नसतात," सलीम म्हणाला. "पावसातून, धुक्यातून येतो तेवढाच नत्र ते अंगानं शोषतं. थोडा त्याच्यात राहणारे बारीक जीव हवेतून धरून देतात. चिमटीवर जगणाऱ्याला तू पोतं चारलंस, गड्या."

"परत येईल का रं?" मामांनी विचारलं.

"येईल. पण लय वर्षं लागतील, मामा."

मामा पंचाहत्तरीचे आहेत. मामी घागर घेऊन आत गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एरवी मी वाटभर फोटो काढतो, परतताना एकही काढला नाही. घरी येऊन आठवडा झाला, शेताकडं पाय वळत नाही. काल मामांचा फोन आला. दोघं सडा सोडून आमच्याकडं राहायला येतायत. आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

"आर्धं पोतं युरिया उरलाय," ते म्हणाले. "वाया कशाला घालवायचा? तुझ्या उसाला घिऊन येतो."