घड्याळजींनी बसवलेला टर्बो

टेकडीच्या निम्म्या चढावर गाडीने मान टाकली, तेव्हा घड्याळजी शेजारच्या सीटवर पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. गाडी चालवत होती त्यांची बायको. घड्याळजींना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायची हौसही नव्हती. गाडी घरी आली त्याच दिवशी त्यांनी वाटणी करून टाकली होती: चालवायची हिने, देखभाल माझी. चौदा वर्षं ही वाटणी बिनबोभाट चालली होती.

गाडी बंद पडली असती तर एकवेळ बरं. ती चालत होती, पण जीव गेल्यासारखी. इंजिन नुसतं ओरडत होतं, मागून निळसर धूर निघत होता, आणि एक म्हातारा सायकल हातात धरून, पायी, त्यांच्या पुढे निघून गेला. जाताना त्याने काचेतून आत डोकावून पाहिलं, हे घड्याळजींच्या फार जिव्हारी लागलं.

"ओढतच नाहीये," बायको म्हणाली. "सकाळपासून शिट्टी मारतेय."

"मला नाही ऐकू आली."

"तुम्हाला टिकटिक सोडून दुसरं काय ऐकू येतं?"

टेकडीवर सासूबाई एकट्या राहत. दर शनिवारी बायको त्यांची औषधं, भाजी आणि आठवड्याचं बोलणं घेऊन वर जायची. बस खालच्या वळणावरूनच परत फिरते. त्या दिवशी दोघांनी उरलेला चढ पिशव्यांसकट पायी चढला आणि खाली उतरताना बायकोने निकाल देऊन टाकला. ती इस्पितळात परिचारिका होती. वॉर्डातले डॉक्टरसुद्धा तिचा निकाल फिरवायला धजत नसत.

"पुढच्या शनिवारपर्यंत गाडी वर चढली तर ठीक. नाहीतर आईला आपल्याकडे आणायचं. खिडकीची खोली देऊ तिला."

घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून त्यांचं टेबल त्या खोलीत होतं. घरातल्या बाकीच्या खोल्या अशा की भरदुपारी दिवा लावावा लागे. खिडकीशी मात्र सकाळभर स्वच्छ, न हलणारा उजेड असायचा, आणि त्या उजेडात बसून ते जुन्या गिऱ्हाइकांची घड्याळं उघडत. सासूबाई एकदा आठ दिवस राहायला आल्या होत्या. त्यांनी प्रेमाने टेबल झाडून काढलं, आणि त्या झाडण्यात केसाएवढी एक स्प्रिंग कचऱ्यात गेली. घड्याळजींनी दोन दिवस कचरा चिवडला. "दिवसभर खुर्चीत बसून एक डोळा मिटायचा, याला काम म्हणतात का?" असं सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. हळू म्हणाल्या होत्या, पण असल्या बोलण्याला घड्याळजींचे कान तिखट होते.

रविवारी सकाळीच त्यांनी जुनं माहितीपुस्तक काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बॉनेट उघडलं. गाडीत डोकं घालणारे मेकॅनिक शेजाऱ्यांनी पाहिले असतील, पण डोळ्याला भिंग लावलेला हा पहिलाच. हवेचा जाड रबरी पाइप सोडवला, तर आतून तेल ओघळलं. आत बोटाएवढ्या पात्यांचं एक चाक दिसलं. घड्याळजींनी ते दोन बोटांत धरून वरखाली हलवलं. चाक डगडगलं. कडेला घासल्याच्या खुणाही होत्या.

"आस गेलाय!" ते ओरडले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

बायको बाहेर आली. त्यांनी तिला समजावलं, की हा टर्बो. इंजिनाच्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं, त्याच आसावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं, म्हणून गाडी चढते. आस ढिला झाला की हवा कमी आणि धूर जास्त. "घड्याळातलाच प्रकार," ते म्हणाले, "फक्त जरा अंगाने थोराड."

बुधवारपर्यंत त्यांनी तो थोराड प्रकार गाडीतून सोडवला. एका गंजलेल्या नटाने त्यांना नाकी नऊ आणले. गंज सोडवायचं औषध मारून तो दोन दिवस भिजत ठेवला, तेव्हा कुठे तो हलला. निघालेला प्रत्येक बोल्ट त्यांनी बायकोच्या रिकाम्या गोळ्यांच्या डब्यांत घातला आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'वरचा डावा', 'वरचा उजवा', 'हट्टी'. मग तेलाने माखलेला टर्बो वर्तमानपत्रावर जेवायच्या टेबलावर आला, आणि बायको दोन दिवस ताट हातात घेऊन जेवली.

त्याच दिवशी सासूबाईंचा फोन आला. बायकोने विषय काढताच पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. "मी माझं घर सोडून कुठेही येणार नाही. तुमच्या त्या घरात मला गुदमरल्यासारखं होतं." घड्याळजींना सासूबाईंचं म्हणणं पहिल्यांदाच मनापासून पटलं. निदान या कामात आपण दोघं एका बाजूला आहोत, असं वाटून त्यांना हुरूप आला.

सुट्या भागांच्या दुकानात एक जाड चष्म्याची बाई बसायची. तिने जुना टर्बो हातात घेऊन फिरवला, वास घेतला आणि विचारलं, "हा गेला कशाने?"

"वय झालं."

"वयाने माणसं जातात. हा तेलावाचून जातो. गाडीत तेल किती ठेवता?"

"बेताचं," घड्याळजी म्हणाले. बाईने भुवया उंचावल्या, तसं त्यांनी काउंटरवरची एक तेलाची मोजपट्टी उचलून तिच्यावरची जागा बोटाने दाखवली. खालच्या खुणेच्याही खाली. मग त्यांनी शांतपणे तिला शास्त्र सांगितलं: तेल जास्त झालं की पसरतं, त्याला धूळ चिकटते, चाकं जड होतात. एक थेंब पुरतो. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एकही घड्याळ जास्त तेलाने बिघडलेलं नव्हतं.

बाईने टर्बो खाली ठेवला. "आणि बदलता कधी?"

"चांगलं मुरल्यावर."

बाईने चष्मा काढून ठेवला. "साहेब, याचा आस मिनिटाला लाखभर फेरे घेतो. तेलावर तरंगतो, म्हणून जगतो. तुम्ही याला उपाशी मारलात. तेल, फिल्टर, तेलाचा बारीक पाइप, सगळं नवं टाका. नाहीतर पुढच्या आठवड्यात दुसरा टर्बो न्यायला याल. माझं काय, दुकान चालेल."

घरी येऊन त्यांनी तो बारीक पाइप उजेडासमोर धरला. आत काजळी इतकी की सुईसुद्धा जाईना. चौदा वर्षं आपण जिला देखभाल म्हणत होतो ती ही. घड्याळजी कपाळाला हात लावून पायरीवर बसले. त्यांना खरंच लाज वाटली, आणि बायकोला हे सांगायचं कसं, याची भीतीही वाटली.

शुक्रवारी दुपारपर्यंत हवेचे पाइप धुऊन पुसून झाले, इंजिनातलं तेल, फिल्टर आणि बारीक पाइप बदलले, नवा टर्बो बसला, नव्या गॅस्केटसकट. सुरू करण्याआधी त्याच्या वरच्या भोकात तेल घालायचं असतं. घड्याळजी आपली तेलाची सुई घेऊन वाकले आणि त्यांनी अत्यंत काळजीपूर्वक एक थेंब सोडला. मग बाईचं बोलणं आठवून आणखी दोन सोडले.

मागे बायको चहाचा कप घेऊन उभी होती. "हे काय चाललंय?"

"तेल घातलं."

"कुठंय?"

"नेहमी एक थेंब घालतो. आज तीन घातले," घड्याळजी म्हणाले, आणि मग त्यांना राहवलं नाही. मोजपट्टी, काजळी, मुरवलेलं तेल, सगळं त्यांनी सांगून टाकलं. "गाडी मीच मारली गं."

आत जाऊन बायकोने बॅगेतली सगळ्यात मोठी, कोरी सिरिंज आणली, नव्या डब्यातून तेल ओढलं आणि भोक काठोकाठ भरलं. "रोग्याला औषध असं देतात," ती म्हणाली. "सरका बाजूला." त्यांच्यासाठी आणलेला चहा तिने स्वतःच पिऊन टाकला, एवढीच काय ती शिक्षा.

गाडी सुरू होऊ नये म्हणून इंधनाची वायर काढून तिने इंजिन नुसतंच फिरवलं, तेल खालच्या पाइपातून परत येताना दिसेपर्यंत. मग वायर लावून गाडी सुरू केली. क्षणात मागून असा धूर निघाला की गल्लीतल्या सगळ्या खिडक्या एकापाठोपाठ बंद झाल्या. कुणीतरी आग लागली म्हणून बादली घेऊन धावत आलं. घड्याळजी "बंद कर!" म्हणून ओरडले. "धुराच्या नळीतलं जुनं तेल जळतंय," बायको म्हणाली. "थांबा." दहा मिनिटांनी धूर निवळला. इंजिन शांत चालत होतं, आणि बादलीवाला पाणी झाडांना घालून परत गेला.

शनिवारी गाडी टेकडी चढली. सायकलवाल्याच्या जागी या वेळी एक ट्रक होता, त्यालाही मागे टाकून चढली. घड्याळजी सीटवर ताठ बसले होते. खिडकीची खोली वाचली होती. उद्या सकाळी कुठलं घड्याळ उघडायचं, हेही त्यांनी ठरवून टाकलं.

दारात सासूबाई उभ्या होत्या. बाहेर जायचे कपडे, पायात चपला, शेजारी दोरीने बांधलेली बॅग. खिडक्या आतून लावलेल्या होत्या. ओट्यावरच्या कुंड्या शेजारणीच्या ओट्यावर गेलेल्या दिसत होत्या. पायी चढून येणाऱ्या लेकीची वाट बघत त्या केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. गाडी अगदी दारापर्यंत आलेली पाहून त्या क्षणभर तशाच थांबल्या.

"चढली का?"

"एका दमात," बायको म्हणाली.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "मी काय येणारच नव्हते." आणि त्यांनी पायाने बॅग हळूच दाराआड सरकवली.

घड्याळजींना ते दिसलं. या बाईला इथे एकटं ठेवायला आपण आठवडाभर राबलो, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते त्यांना अजिबात सोसेना.

"आई, चढली खरी," ते म्हणाले, "पण तिचा भरवसा नाही. काम माझं आहे ना. कच्चं झालंय. दर शनिवारी वर येणं काही जमायचं नाही."

बायकोने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून स्वतःच्या हातच्या कामाला कच्चं म्हणताना तिने त्यांना ऐकलं नव्हतं.

"मला वाटलंच होतं," सासूबाई म्हणाल्या. दाराआडची बॅग लगेच बाहेर आली. "घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने एवढ्या मोठ्या यंत्राला हात लावावाच कशाला?"

"चुकलंच माझं," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी बॅग उचलली. चांगली जड होती. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या, घड्याळजी मागे, बॅग मांडीवर घेऊन. पहिलं वळण उतरल्यावर सासूबाईंनी मागे न बघताच विचारलं, "त्या खिडकीच्या खोलीत उजेड असतो ना?"

"सकाळभर," घड्याळजी म्हणाले.