सुकुमारचा सांधा

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. उचगावच्या जत्रेत कुणाच्या अंगात आलं की मागे उभी राहून हसणारी मी, त्यात फिजिक्समध्ये पीएच.डी. करतेय... तेव्हा हे वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही.

आमची लॅब बेळगावात. टोपॉलॉजिकल इन्सुलेटर नावाचे पदार्थ असतात – पोटातून वीज जाऊ देत नाहीत, फक्त अंगावरून जाऊ देतात. माझा सहकारी सुकुमार याने असे दोन वेगळे पदार्थ एकमेकांवर चढवून नखाएवढा तुकडा बनवला होता. दोघांच्या मधल्या सांध्यातूनही वीज वाहील, असं त्याचं ठाम म्हणणं. तपासायच्या आधीच तो काविळीने गेला. नंतर मी तो तुकडा उणे अडीचशे अंशांपर्यंत थंड करून कितीदा तरी मोजला. सांध्यात काहीच नाही. आमचे गाइड सर शेवटी म्हणाले, "सोड आता."

उन्हाळ्यात, भर दुपारी, त्याचे वडील निपाणीहून सामान न्यायला आले. तंबाखूची शेती करणारे आप्पा. स्टुलावर बसून म्हणाले, "पोरी, इतकी वर्सं त्यो हितं काय करत हुता, मला कधी कळलंच न्हाय बघ. त्यानं केल्यालं चालतंय काय?"

नाही म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, दाखवते आप्पा. तुकडा होल्डरमध्ये बसवून तारा जोडल्या. तुकडा थंड करणारा कूलर बंदच होता. एवढ्या उकाड्यात पदार्थाच्या पोटातूनही वीज गळते, त्या गोंधळात सांध्याचं वेगळं काही दिसणं शक्यच नाही. चार रेघा दाखवायच्या आणि त्यांना चहाला न्यायचं, एवढंच मनात होतं.

आणि स्क्रीनवर... फक्त सांध्यावरच्या तारांना वीज. बाकी सगळीकडे शून्य. तारा काढून पुन्हा लावल्या – तेच. मीटर बदलला – तेच. आलेलं सगळं मी घाईघाईने फाइलमध्ये साठवलं.

"चालतंय म्हणायचं," आप्पा म्हणाले.

"व्हय आप्पा."

तुकड्याची डबी मी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे हितंच. कामातली वस्तू घरात न्हेऊन काय करू?" दोन शर्ट, टिफिन आणि चपला पिशवीत भरून ते स्टँडकडे गेले.

ते जाताच पुन्हा मोजलं. काही नाही. मग थंड करून, गरम करून, सगळं करून झालं. सर म्हणतात, कॉन्टॅक्ट लूज असेल. लूज कॉन्टॅक्टने इतकं स्वच्छ चित्र येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्या दुपारची फाइल माझ्याकडे आहे, पण जे परत येत नाही ते रिसर्च पेपरात घालता येत नाही. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही.

आप्पांचा अधूनमधून फोन येतो. पीकपाण्याचं बोलून झालं की विचारतात, "त्ये आमच्या सुकुमारचं अजून चाललंय न्हवं?"

"व्हय आप्पा, चाललंय," मी म्हणते. मग फोन ठेवते आणि तो तुकडा पुन्हा मशीनवर लावते.