बिनआवाजाची गाडी

सेठच्या नव्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि माझ्या तोंडून शिवीच निघाली. आत इंजिनच नव्हतं. बॅग ठेवायची एक स्वच्छ, रिकामी पेटी तेवढी होती. सेठ हसून म्हणाला, "अरे, बॅटरीवर चालते ही. तुझं काम संपलं आता."

चेष्टेतच म्हणाला, पण मला झोंबलं. वीस वर्षं चंद्रपुरात गॅरेज चालवतोय मी. सेठची आधीची लाल, दोन सीटची, पेट्रोलवाली स्पोर्ट्स कार माझ्याच हाताखाली वाढली. नुसत्या आवाजावरून मला तिचं दुखणं कळायचं. दर शनिवारी सकाळी ती मूल गावाकडे जाणाऱ्या रोडनं सेठच्या फार्महाउसवर पोचवायची, हे माझं काम. त्या शनिवारची मी आठवडाभर वाट पाहायचो.

त्याच रोडवर, जंगलाला लागून, माझ्या थोरल्या बहिणीचं गाव आहे. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. मी तिला बाई म्हणतो. मोहाच्या दिवसांत ती आणि गावातल्या चारपाच जणी उजाडताच रोडच्या कडेला फुलं वेचतात. आमच्याकडे वाघाचं नवल नाही, पण वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं, हे लेकरांनाही ठाऊक असतं. म्हणून आमचं एक ठरलेलं होतं. गावाआधीच्या वळणावर मी गाडी थांबवायचो, क्लच दाबायचो आणि तीनदा जोरात रेस द्यायचो. सारं जंगल दणाणायचं. बाया उठून उभ्या राहायच्या, कंबरा सरळ करायच्या, चौफेर बघून घ्यायच्या. झुडपात काही दबून बसलेलं असलं तर निघून जायचं. "आला वो बाई तुहा भाऊ बोंबलत!" असं म्हणून त्या तिला चिडवायच्या. मला त्याची घमेंड होती, लपवत नाही.

नव्या गाडीत खोटा आवाज काढायचं एक बटन होतं. दाबलं की स्पीकरमधून घुमल्यासारखं काहीतरी यायचं. मला लाज वाटली. म्हटलं, मेलेल्या माणसाच्या तोंडात कशाला गाणं घालायचं? बटन बंद करून टाकलं. सेठनं नाही, मीच.

त्या शनिवारी जंगल सुरू झालं आणि माझ्या अंगावर काटा आला. गाडी पळत होती, पण पळतेय असं कुणाला कळतच नव्हतं. कडेला चितळं चरत होती, त्यांनी मान वर केली नाही. रोडवर वांदरं बसली होती. मी अगदी जवळ जाईपर्यंत एक दुसऱ्याच्या उवा काढत राहिलं. मग एकानं माझ्याकडे पाहिलं आणि ते असं किंचाळलं, की माझाच हात स्टिअरिंगवरून सुटला. वीस वर्षं मी त्या जंगलात आवाज करून शिरलो होतो. त्याचं आतलं रूप मी कधी पाहिलंच नव्हतं. पानं पडताना ऐकू येत होती. मी आहे की नाही, असं वाटायला लागलं. खरंच सांगतो, आरशात एकदा तोंड पाहून घेतलं.

वळणावर सवयीनं थांबलो. डावा पाय क्लच शोधायला गेला, खाली नुसती चटई. हॉर्न मारावा म्हटलं, पण मारवेना. एवढ्या शांततेत हॉर्न मारला तर नको ते कुणीतरी वळून पाहील, अशी खुळी भीती वाटली. तसाच हळूहळू पुढे गेलो.

बाकीच्या बाया पलीकडच्या झाडाखाली वाकलेल्या होत्या. बाई मात्र रोडच्या अलीकडे एकटीच, ताठ उभी. तिची पाठ माझ्याकडे होती. टोपली हातात छातीशी धरलेली. ती एकेक पाऊल मागं, रोडकडे सरकत होती. मी गाडी थांबवली. ती असं काऊन चालते, ते मला कळेना. मग तिच्या समोरच्या रायमुनियाच्या झुडपात एक कान हलला. बास, एवढंच दिसलं. कान, आणि त्याखाली न हलणारं काहीतरी पिवळं.

लोक आजही विचारतात, "हॉर्न काऊन नाई मारला?" अरे बाबांनो, हाताला सुचायच्या आधी पायाला सुचलं! वीस वर्षांची सवय. डावा पाय नसलेल्या क्लचवर दाबला आणि उजव्यानं दणकून रेस दिली. जंगल दणाणेल, वाघ पळेल, बाई वाचेल, एवढंच डोक्यात.

आवाज झालाच नाही. गाडीनं उडी मारली. मी ब्रेक दाबेपर्यंत बाई मागं सरकत रोडवर आली होती. गाडी तिला लागली तेव्हा एक बारीकसा ठप्प झाला. सगळीकडे मोहफुलं सांडली. मग बाया ओरडल्या आणि झुडपातलं ते पिवळं सरसरत आत निघून गेलं. बाईला मी त्याच गाडीत घालून चंद्रपूरला आणलं. ती कण्हत होती. त्या गाडीत दुसरा आवाजच नव्हता, त्यामुळे सगळा रस्ता मला तेवढंच ऐकावं लागलं.

मांडीचं हाड मोडलं होतं. सळई टाकली. दवाखान्यात मी तिच्या पायाशी बसून रडलो. म्हटलं, "बाई, मले वाटलं तो तुले नेते आता."

ती छताकडे पाहत म्हणाली, "तो नेत नव्हता रे. मी त्याच्या डोळ्यात पाहून राह्यली होती, अन् तो बसून राह्यला होता. दोन पावलं अजून, मंग रोड. मी मागचं आयकत आयकत सरकत होती. मागं कोणीच नव्हतं, भाऊ."

रागावली असती तर बरं झालं असतं. आता ती काठीनं चालते. वाघाचा विषय निघाला की अजून हसून सांगते, कसा बसला होता म्हणून. पण मी घरात शिरलो की ती बोलणं अर्धं सोडते आणि पाठ भिंतीला टेकवते.