मुद्देमालाची भाजी

"मारलं की! दोनदा मारलं!" हवालातीच्या गजांमागून सुंदराबाईंनी मला ठणकावून सांगितलं. "माज्या लेकीची भाजी उचलायलाय, मग काय ओवाळू त्याला?"

मी कपाळाला हात लावला. निजामाच्या राजवटीत परभणीला माझी वकिली नुकती सुरू झाली होती, आणि बोरीच्या या बाईंवर एकदम तीन आरोप: गांजा विकणं, विनापरवाना बंदूक आणि पोलिसाला मारहाण. गांजा म्हणजे लेकीच्या डोहाळ्यांसाठी वाळवून ठेवलेला अंबाडीचा पाला. बंदूक म्हणजे मोडक्या बंदुकीची नुसती नळी. तिच्यातून बाई चूल फुंकायच्या. मारहाण मात्र खरी होती, त्याच नळीनं.

अमीनसाहेब, म्हणजे तेव्हाचे फौजदार, परमुलखातून नवे आलेले. अंबाडीचं पान थेट गांजासारखं दिसतं. नमुना तपासायला हैदराबादला पाठवला तर महिने जाणार, तोवर बाई आत. घरी लेकीचे दिवस भरलेले आणि जवळ दुसरं कुणी नाही. मला जेवण गोड लागेना.

पेशीच्या दिवशी मार खाल्लेला जवान मुन्सिफसाहेबांपुढे, म्हणजे न्यायाधीशांपुढे, उभा राहिला. पाथरीकडचा साधा गडी. जखम किरकोळ होती एवढं वदवून घ्यावं, म्हणून मी उलटतपासणी सुरू केली.

"लागल्यावर काय केलंत?"

"म्या न्हाई, बाईनंच केलं. हळद लावली. मग म्हनल्या, उपाशी दिसायलास, जेव."

"आणि अमीनसाहेब?"

"ते चावडीत पंचनामा लिवायलेते."

"जेवायला काय होतं?"

"भाकर आन अंबाडीची भाजी."

"कुठली अंबाडी?"

त्यानं टेबलावरच्या सीलबंद पोत्याकडं बोट केलं. "हीच की. लय चांगली झालती."

कोर्टात हशा पिकला. अमीनसाहेब छताकडं पाहू लागले.

"फिर बोला क्यों नहीं?" मुन्सिफसाहेबांनी दरडावलं.

"हुजूर, सायब गांजा म्हनले. मी कोन न्हाई म्हननार?"

मुन्सिफसाहेब मूळचे हैदराबादचे. त्यांनी पोतं उघडायला लावलं, चिमूटभर पाला जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"अरे, ये तो अंबाडा है! हमारे घर गोश्त में डालते."

गांजा तिथंच संपला. नळीला ना चाप ना दस्ता, म्हणून बंदूकही गेली. उरली मारहाण. ती तर बाईंनी भर कोर्टात पुन्हा अभिमानानं कबूल केली. माझा जीव टांगणीला लागला.

"कोर्ट उठेपर्यंत कैद," मुन्सिफसाहेब गंभीरपणे म्हणाले, आणि लगेच उठून आत गेले.

मी अक्षरशः नाचायचाच बाकी होतो. बाई मात्र पोतं डोक्यावर घेऊन बोरीच्या वाटेला लागल्यासुद्धा. त्याच आठवड्यात त्यांना नात झाली. बाईंची बर्फी घेऊन माझ्याकडे आला तो जवानच.

तेव्हापासून उलटतपासणीत जखम किती खोल होती, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, त्या दिवशी जेवलात कुठं?